सतरा इंची मॅग आणि स्वस्त टायरचं पॅकेज घ्यावं का?

कोपरखैरण्याहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांची २०१९ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे. कंपनीच्या लोखंडी रिम, त्यावर १६५/८० आर १४चे टायर, गाडी फिरली ४३ हजार किलोमीटर. रोज ऐरोली-कळवा करत वागळे इस्टेटला येतात. महिन्यातून दोनदा नाशिकला आईवडिलांकडे जातात, तेव्हा सोबत बायको आणि दोन लहान मुलं असतात. टायर बदलायला गेले तर दुकानदाराने पॅकेज पुढे केलं: सतरा इंची मॅगव्हील (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं) चार, त्यावर २०५/४५ आर १७चे टायर चार, फिटिंगसकट ४२ हजार. टायरचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नाही. “नावाजलेले टायर घेतलेत तर त्यातच निम्म्याहून जास्त पैसे जातील, आणि गाडी आहे तशीच दिसेल,” असं दुकानदार म्हणाला. त्यांचा प्रश्न असा की महागाच्या टायरमध्ये खरंच काही जास्त असतं, की आपण नावाचे पैसे देतो?

मी ठाण्यात माजिवड्याजवळ टायरचं काम करतो, चोवीस वर्षं झाली. उत्तर आधीच सांगतो: हे पॅकेज घेऊ नका. मॅगव्हीलला माझा विरोध नाही, मी स्वतः विकतो. पण तेवढ्याच पैशात टायर आणि रिम दोन्ही बसवायचे तर दोन्हीकडे काटकसर झालेली असणार, आणि ती कुठे केली आहे ते शोरूमच्या दिव्याखाली दिसत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते सगळे टायरमध्ये घाला. रिम पुढच्या वर्षी.

आता कारण सांगतो. तुमच्या सध्याच्या टायरवरच्या आकड्यांचा अर्थ असा: रुंदी १६५ मिलिमीटर, आणि बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. पॅकेजमधल्या टायरची रुंदी २०५, भिंत तिच्या ४५ टक्के, म्हणजे ९२ मिलिमीटर. बाहेरून चाक साधारण तेवढंच मोठं राहतं, पण रस्ता आणि रिम यांच्या मधली रबराची गादी चार सेंटिमीटरने कमी झाली. विटाव्याच्या पुलाखाली पावसात पाणी साचलेलं असतं, खड्डा दिसत नाही, चाक धाडकन आत जातं. त्या क्षणी खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायरची भिंत चिमटली जाते. उंच भिंत दबते आणि परत फुलते. बुटक्या भिंतीला दबायला जागाच नसते. आतले पॉलिएस्टरचे धागे तुटतात, वरून रबर मात्र शाबूत असतं. मग दोन-चार दिवसांनी त्या जागी लिंबाएवढा फुगा दिसतो. पावसाळ्यात माझ्याकडे असे टायर रोज येतात आणि प्रत्येक जण विचारतो, “पॅच मारून चालेल का?” नाही चालत. तिथे हवेचा दाब पेलणारं आत काहीच उरलेलं नसतं, फक्त रबराचा पापुद्रा असतो. फुगा आलेला टायर त्याच दिवशी काढायचा.

चांगल्या कंपनीचा सतरा इंची टायरही खड्ड्यात मार खातो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून ठाणे, घोडबंदर, भिवंडी बायपास असा ज्यांचा रोजचा रस्ता आहे, त्यांना मी दोन-तीन इंच वाढवायला कधीच सांगत नाही. मेट्रोच्या कामासाठी घोडबंदर रोडवर लोखंडी प्लेटा टाकल्या होत्या तेव्हा नुसत्या त्या प्लेटांच्या कडांनी किती रिम वाकवल्या, ते आम्ही टायरवाल्यांनी पाहिलं आहे.

आता टायरच्या अंगावर काय लिहिलं आहे ते वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. दुकानात टायर आडवा ठेवायला सांगा आणि मोबाईलचा टॉर्च लावा. मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, समजा ८५ एस. ८५ म्हणजे तो टायर ५१५ किलो भार पेलतो, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा. २०५/४५ आर १७ साध्या बांधणीत ८४चा येतो, म्हणजे ५०० किलो. टायर रुंद झाला, दिसायला दणकट झाला, आणि भार पेलायची ताकद मात्र कंपनीने दिलेल्यापेक्षा उतरली. स्विफ्टच्याच झेडएक्सआय मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते, तो ८८चा, म्हणजे ५६० किलोचा. हे माप लक्षात ठेवा, शेवटी परत त्यावरच येणार आहे.

मग बारीक अक्षरात एक ओळ शोधा. तिथे ट्रेडखाली, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, काय आहे ते लिहिलेलं असतं: पॉलिएस्टरचे किती थर, स्टीलचे किती, नायलॉनचे किती. पॉलिएस्टर एक, स्टील दोन, नायलॉन एक असं दिसलं तर बरं. नायलॉनचा थर स्टीलच्या पट्ट्यांवर वरून आवळून बसवलेला असतो. गाडी तासन्तास वेगात चालली की पट्टे बाहेरच्या दिशेला सुटू पाहतात, त्यांना हा थर धरून ठेवतो. शहरात ताशी चाळीसने फिरणाऱ्याला त्याचा फरक कळणार नाही. पण तुम्ही नाशिकला जाता. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आता भिवंडीजवळच्या आमण्यावरून चढता येतं, आणि तिथे वेगमर्यादा १२० आहे. सरळ काँक्रीटचा रस्ता, वर ऊन, आत चार माणसं आणि डिकीत सामान. टायर तापण्यासाठी यापेक्षा वेगळं काही लागत नाही. त्यात हवा पाच-सात पॉइंट (पीएसआय) कमी असेल तर भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि तापलेलं रबर थरांपासून सुटायला लागतं. अशा टायरचा ट्रेड सालासारखा निघून आलेला मी पाहिला आहे. समृद्धीवर आरटीओने टायर तपासून, ज्यांचे टायर गोटा झालेत, म्हणजे खाचा झिजून गुळगुळीत झालेत, अशा गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगीच नाही.

याच बाजूला आयएसआयची खूण आणि आयएस १५६३३ हा आकडा असला पाहिजे, मोटारीच्या टायरचं ते भारतीय मानक आहे. ही खूण नसलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी खाली ठेवा. जून २०२०पासून बाहेरच्या देशातून टायर आणायला सरकारचा परवाना लागतो. त्यामुळे अनोळखी नावाचा, खूण नसलेला टायर ढिगाने दिसला तर तो कुठून आणि कधी आला, हा प्रश्न पडायला हवा. कधी बनला ते टायरवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटच्या चार आकड्यांत असतं. ३२२१ लिहिलेलं असेल तर २०२१च्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. न वापरलेलं रबरसुद्धा वयाने कडक होतं. मी सहा महिन्यांच्या आतला टायर मागतो, वर्षापर्यंत चालवून घेतो, त्यापुढचा गिऱ्हाइकाच्या गाडीला लावत नाही.

सेकंडहँडबद्दल एकच सांगतो. झिजलेल्या टायरच्या खाचा गरम सुरीने कोरून, काळं पॉलिश मारून “सत्तर टक्के आहे साहेब” म्हणून विकतात. मोटारीच्या टायरला कोरायला पुरेसं रबर खाली नसतं, सुरी थेट स्टीलच्या पट्ट्यापर्यंत जाते. खाचेच्या तळाशी बोट फिरवा. साच्यातून आलेली खाच गुळगुळीत असते, कोरलेली खरखरीत लागते आणि झीज दाखवणारा उंचवटा तिथे कापला गेलेला असतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, नावाचे पैसे की रबराचे. फरक सगळ्यात जास्त कळतो तो ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना. चांगल्या टायरच्या रबरात सिलिका घातलेली असते. ती ओल्या डांबराला पकडूनही ठेवते आणि चाक फिरायला जडही होऊ देत नाही. हे मिश्रण महाग पडतं आणि कारखान्यात नीट एकजीव करायलाही अवघड असतं. स्वस्त टायरमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळी, जास्त, रबर कडक. काही जण कौतुकाने सांगतात, “हा टायर झिजतच नाही.” जो टायर झिजतच नाही त्याची मला काळजी वाटते. केंद्र सरकारने २०२२मध्ये नियम काढून टायरसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, चाकाचा जडपणा आणि आवाज यांच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. म्हणजे ही पकड मोजता येते, ती दुकानदाराच्या तोंडची गोष्ट नाही.

पावसात टायर पाण्यावर तरंगतो त्याचंही गणित आहे. विमानाच्या टायरवर प्रयोग करून नासाच्या संशोधकांनी एक सूत्र काढलं. खाचांना पाणी बाहेर फेकता येत नाही अशा वेळी, ३० पॉइंट हवा असेल तर साधारण ताशी ९० किलोमीटरला टायर रस्ता सोडतो, आणि २० पॉइंट असेल तर ७५लाच. ठाणे-बेलापूर रोडवर जुलैत तुम्ही सहज सत्तरने जाता. खाचा खोल असतील तर पाणी निघून जातं, गोटा टायरला ते जमत नाही. नियमाने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो. मी कोकण-ठाण्याच्या पावसासाठी ३ मिलिमीटरला बदलायला सांगतो. नव्याची खोली साधारण सात-आठ मिलिमीटर असते, तेव्हा उरलेल्या दीड मिलिमीटरासाठी जोखीम घेण्यात काय राम आहे?

रिमबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण त्यात फसगत जास्त होते.

माझ्या दुकानात फळीवर मॅगव्हीलचा एक तुटलेला दांडा ठेवला आहे. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट, पावसाळ्याची रात्र, गायमुखच्या उतारावर एका मुलाच्या आय-ट्वेंटीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि मॅगचे दोन दांडे तुटून पडले. गाडी दुभाजकाला घासत थांबली, मुलगा वाचला. चाक आमच्याकडे आलं तेव्हा मी तुटलेली बाजू उन्हात धरून पाहिली. अनारशाला जाळी सुटते तशी जाळी होती. टाचणीच्या टोकाएवढी भोकं, काही ठिकाणी दोन-तीन मिळून एक झालेलं. बाहेरून तोच दांडा आरशासारखा चकचकीत, रंगाचा एक टवकाही उडालेला नव्हता. नवीन गिऱ्हाईक स्वस्त मॅगचा हट्ट धरतं तेव्हा मी तो तुकडा त्याच्या हातात देतो. जास्त बोलावं लागत नाही.

ही जाळी येते कुठून? ॲल्युमिनियम वितळलं की हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषून घेतं. थंड होताना तो वायू बाहेर पडायला बघतो आणि अडकला की पोकळी राहते. साध्या ओतकामात रस वरून साच्यात ओततात. चांगल्या कारखान्यात आधी रसातला वायू काढतात, मग कमी दाबाने तो खालून वर ढकलतात, म्हणजे धातू भरीव बसतो. त्यापुढे रिमची कड रोलरने दाबून ताणतात, त्याला फ्लो फॉर्म्ड म्हणतात, ती हलकी आणि चिवट होते. चाक तयार झाल्यावर एक्स-रेने आत पोकळी आहे का बघतात. या प्रत्येक पायरीला पैसे लागतात. स्वस्त मॅगमध्ये नेमक्या याच पायऱ्या गाळलेल्या असतात, वरचा रंग मात्र कुणी गाळत नाही. लोखंडी रिम खड्ड्यात वाकते, ठोकून सरळ होते. कमअस्सल मॅग वाकत नाही, तडकते. तडकलेल्या मॅगला वेल्डिंग करून देणारे पुष्कळ आहेत, मी करत नाही. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचा धातू नरम पडतो आणि पुढची तडा त्याच्या शेजारीच जाते.

रिम उलटी करून मागची बाजू बघा. तिथे जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए ही जपानी चाचणीची अक्षरं, आयएसआयची खूण, कमाल भार, रुंदी आणि ईटीचा आकडा (तो काय ते पुढे सांगतो) ओतीव अक्षरांत असतो. नुसता स्टिकर असेल तर तो गृहीत धरू नका. मागची बाजू कोरी असेल तर ती रिम घेऊच नका.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. स्विफ्टचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला गोल भाग, ५४.१ मिलिमीटरचा. बाजारातली मॅग सगळ्या गाड्यांना चालावी म्हणून तिचं मधलं भोक बहुधा ७३.१ ठेवतात. म्हणजे चारी बाजूंनी साडेनऊ मिलिमीटर मोकळी जागा. कंपनीचं चाक हबवर चपखल बसतं आणि आपोआप मध्यावर येतं, हे चाक फक्त चार नटांच्या भरवशावर लटकतं. ताशी ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग माणूस बॅलन्सिंग करतो, अलाइनमेंट करतो, पुन्हा बॅलन्सिंग करतो, आणि कुणी त्याला सांगत नाही की त्या फटीत बसवायची रिंगच घातलेली नाही. मॅग घ्यायचीच असेल तर ५४.१ ते ७३.१ची ॲल्युमिनियमची हब रिंग आधी मागून घ्या. दुकानदाराला ती काय असते ते माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा.

नटाचंही तसंच. मारुतीचा आटा १२ बाय १.२५, ह्युंदाईचा १२ बाय १.५. डब्यात हाताला लागला तो नट न्यूमॅटिक गनने दाबून बसवला की बसल्यासारखा वाटतो आणि स्टडचा, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टचा, आटा जातो. नट हाताने तीन-चार फेरे फिरला पाहिजे, मग पाना. शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतका आवळायचा.

ईटी म्हणजे चाक आत किती बसतं त्याचं माप. कंपनीपेक्षा हा आकडा बराच कमी असला की चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवरचा जोर वाढतो. भरलेली कळशी कमरेला टेकवून धरली तर चालता येतं, हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो, तसंच हे आहे. बेअरिंग घोंघावायला लागलं की लोक रस्त्याला दोष देतात.

विम्याचं थोडक्यात. बाहेरून बसवलेली मॅग पॉलिसीत नोंदवली नाही तर तिचे पैसे मागता येत नाहीत. नुसता टायर फुटला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात. आणि बिल घ्या. सप्टेंबर २०२५मध्ये टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे “बिनबिलाचा घ्या, स्वस्त पडेल” या बोलण्यात पूर्वीएवढाही दम नाही. बिलाशिवाय वॉरंटीचा क्लेम होत नाही.

तर तुम्ही काय करावं? दोन मार्ग आहेत. पहिला, लोखंडी रिम ठेवा आणि १६५/८० आर १४मध्येच चांगले चार टायर घ्या. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन, योकोहामा यांतलं जे मॉडेल ओल्या रस्त्याच्या पकडीसाठी ओळखलं जातं ते मागा, फक्त जास्त किलोमीटरचं आश्वासन देणारं नको. सिएटचा कारखाना इथे भांडुपलाच आहे, तरी मी गिऱ्हाइकाला सांगतो की नावापेक्षा मॉडेल बघा. प्रत्येक कंपनीकडे टिकाऊ कडक टायर वेगळा आणि पकडीचा वेगळा असतो.

दुसरा मार्ग, गाडी सजलेली हवीच असेल तर, झेडएक्सआयचं माप घ्या: पंधरा इंची रिम, १८५/६५ आर १५, ८८चा टायर. हे कंपनीनेच त्या गाडीला दिलेलं माप आहे. भिंत १२० मिलिमीटरची राहते, भार पेलायची ताकद वाढते, चाकाच्या एकूण उंचीत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे किलोमीटरचा काटा बिघडत नाही आणि जुनी चौदा इंची स्टेपनी अडीअडचणीला चालते. आणि रिम नवीन चकचकीत घेण्यापेक्षा कंपनीच्याच काढलेल्या शोधा. काही जण नवी झेडएक्सआय घेतात आणि आठवड्यात मोठी मॅग लावतात, त्यांच्या कोऱ्या कंपनी रिम आमच्यासारख्यांकडे पडून असतात. हबला बरोबर बसतात, रिंग लागत नाही, ईटीचा प्रश्न नाही. घेण्याआधी बॅलन्सिंग मशीनवर नुसती रिम फिरवून बघा, कड डुलताना दिसली तर सोडून द्या.

पैसे सध्या दोनच टायरचे असतील तर नवे मागे लावा. पुढेच लावावेत असं सगळ्यांना वाटतं. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की सावरते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि कसारा घाटात ती सावरायला जागा नसते.

टायर बसवताना तिथेच उभे राहा. बॅलन्सिंगच्या पडद्याकडे बघा. नव्या चांगल्या टायरला दहा, पंधरा, वीस ग्रॅमचं वजन लागतं. एकाच बाजूला साठ-सत्तर ग्रॅम दाखवत असेल तर टायर रिमवर अर्धा फिरवून परत बसवायला सांगा. तरीही उतरलं नाही तर तो टायर किंवा ती रिम बदलून घ्या, वजनं चिकटवून घरी पाठवू देऊ नका. व्हॉल्व्ह नवे घ्या. नायट्रोजन भरला नाही तरी चालेल, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा दर पंधरा दिवसांनी सकाळी थंड टायरमध्ये भरली तर पुरे. आणि मॅग बसवली असेल तर पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून परत या आणि नट पुन्हा टॉर्कवर तपासून घ्या. त्याचे पैसे कुणी मागू नयेत, मी मागत नाही.